दोन्ही डावे

मास्तरांचा उजवा हात रिकामा असला की थरथरायचा आणि कात्री हातात आली की शहाण्यासारखा वागायचा. "रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात, माझ्या हाताचंही तसंच आहे," असं ते गिऱ्हाइकांना आपणहून सांगून टाकायचे, म्हणजे कुणाला चोरून बघावं लागायचं नाही. डॉक्टरांनी पार्किन्सन्सचं नाव घेतलं त्याला पाच वर्षं झाली होती. पहिलं वर्ष त्यांनी रडण्यात घालवलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी दुखण्याचीच मापं घ्यायला सुरुवात केली. सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासानं अंग मोकळं व्हायचं आणि बाराच्या पुढं पुन्हा जड व्हायचं. मग कापायचं काम तेवढ्यात उरकायचं. दुकानाच्या दारात पाय चिकटल्यासारखे अडायचे, तिथं त्यांनी फरशीवर खडूच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जायचा. आवाज बारीक होत चालला होता, तो अगदीच बसू नये म्हणून संध्याकाळी ते घरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. "जन्मभर हळू बोला म्हणून सांगितलं, ते आता ऐकायला लागलात होय?" असं बायको म्हणायची आणि समोर बसून सगळ्या बातम्या ऐकायची.

शिवणकामाचं दुकान दोघा भावांचं. मास्तर कापायचे, धाकटा शिवायचा. धाकटा तसा मनानं लोणी, पण तोंडाचा फटकळ. बाही अर्धा इंच इकडची तिकडे झाली तरी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा तो ओरडायचा, आणि मास्तर त्याच्या दुप्पट. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं. दुखणं कळलं त्या दिवसापासून मात्र धाकट्याच्या तोंडाला कुलूप लागलं. काही चुकलं तर तो गुपचूप उसवून नीट करायचा. मास्तरांना थरथरीपेक्षा हे जास्त लागायचं. पण भाऊ फार चांगला वागतो, अशी तक्रार माणसानं कुणाकडं करायची?

अशात शाळेतल्या बाई एक कापड घेऊन आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, बोलणं मोजकं. गडद निळं लोकरीचं कापड त्यांच्या नवऱ्यानं स्वतःच्या कोटासाठी घेतलं होतं. ते शिवायचं राहून गेलं आणि नवरा वारला. आता त्याच कापडाचा कोट बाईंना स्वतःला हवा होता.

"कापड जेमतेम आहे," मास्तर म्हणाले.

"असं दुसरं मिळायचं नाही. जपून कापा," बाई म्हणाल्या.

एरवी कापड दुहेरी घडी घालून कोटाचे पुढचे दोन्ही भाग एकदम कापतात. म्हणजे एक उजवा आणि एक डावा आपोआप निघतो. पण इथं घडी घातली असती तर बाह्यांना कापड पुरलं नसतं. म्हणून मास्तरांनी ते पसरून एकेक भाग कापायचं ठरवलं. अशा वेळी पहिला भाग कापला की कागदाचा साचा पालथा करायचा असतो. शिकाऊ माणसालाही हे माहीत असतं.

त्या सकाळी मास्तरांचा हात इतका छान चालला होता की त्यांना राहवेना. "बघ रे, बघ! लोण्यात सुरी चालावी तशी कात्री चालतेय," ते धाकट्याला सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांनी दुसरा भागही कापला. धाकटा उठून आला. त्यानं दोन्ही भाग समोरासमोर ठेवले. दोन्ही डावे होते. कापडाला एकाच बाजूनं लव होती, त्यामुळं उलटून वापरायचीही सोय नव्हती.

मास्तर वाट बघत होते, आता हा ओरडेल. धाकट्यानं त्यांच्या हातातून कात्री हळूच काढून घेतली.

"दादा, आता कापायचं मी बघतो. तू घरी जाऊन आराम कर. तुझी काही चूक नाही," तो म्हणाला.

आवाज इतका मऊ होता की मास्तर चपला घालून निघाले.

दोन दिवस ते घरी बसले. हात मांडीवर थरथरत होता. वर्तमानपत्र उघडलंच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं गोळी आणि पाणी पुढं केलं.

"अहो, एक विचारू? ती चूक दुखण्यानं झाली का?"

मास्तरांनी गोळी गिळली. "नाही. फुशारकी मारत होतो. तेविसाव्या वर्षी अशीच चूक केली होती, तेव्हा हात ठणठणीत होते."

"मग ते सांगा की भावाला. इथं बसून मला काय सांगताय?"

पाऊण तासानं ते निघाले. दुकानात पोचले तर बाई आधीच येऊन उभ्या होत्या, ट्रायलला. धाकटा त्यांच्यापुढं कसनुसा उभा होता.

"काय आहे बाई, दादाची तब्येत तुम्ही बघताच," तो म्हणत होता. "या दुखण्यात माणसाचं लक्ष राहत नाही. त्यानं मुद्दाम काही..."

"तब्येतीचं नाव घेऊ नकोस," दारातूनच मास्तर म्हणाले. आवाज लहान निघाला. त्यांनी श्वास भरून घेतला आणि वर्तमानपत्र वाचतात तसं मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "तब्येतीनं काही केलेलं नाही! चूक मी केली."

"दादा, अरे गप्प बस ना, मी सांभाळून घेतोय..."

"मला सांभाळून घ्यायचं नाही. खरं काय ते सांग त्यांना."

"मग काय सांगू?" धाकट्याचा आवाज चढला. "हा गाढव आहे म्हणून सांगू? चाळीस वर्षं कात्री धरली आणि साचा पालथा करायची अक्कल नाही म्हणून सांगू? दोन डावे! आणि तेही फुशारक्या मारत! कापड परत कुठनं आणायचं आता, सांग की!"

रस्त्यावरचे दोघे थांबून आत बघू लागले. धाकट्याचे डोळे भरले होते, पण तोंड थांबत नव्हतं. दुखण्यानं मास्तरांचा चेहरा ताठ करून टाकला होता, त्यावर हसू सहसा उमटत नसे. त्या दिवशीही उमटलं नाही. पण पाच वर्षांत इतकं बरं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

"हां. आता बोललास," ते म्हणाले. मग बाईंकडं वळले. "बाई, जादा झालेल्या डाव्या भागातून उजवा अखंड निघत नाही. दोन पट्ट्या जोडून निघेल. तशीच शिवण डावीकडंही घालतो, म्हणजे मुद्दाम केल्यासारखी दिसेल. पण मुद्दाम नाही, हे तुम्हाला माहीत असू दे."

बाई रागावल्या होत्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही. "मी तुम्हाला जपून कापा म्हणून सांगितलं होतं, मास्तर."

"सांगितलं होतं."

"पट्ट्या कोण कापणार?"

धाकट्यानं तोंड उघडलं. पण बाई मास्तरांकडंच बघत होत्या.

"मी कापेन. हा समोर उभा राहील. साचा ठेवला की आधी तो बघेल, मगच कात्री लागेल," मास्तर म्हणाले. "आणि चुकलं तर ओरडेल."

"मी काय जन्मभर ओरडतच बसू का?" धाकटा नाक पुसत म्हणाला.

"ओरडत बस. गोळीसारखं मला तेही लागतं."

बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली आणि त्या बसल्या. "मग सुरू करा. मी इथंच थांबते," त्या म्हणाल्या. मास्तरांनी कापड टेबलावर पसरलं, साचा ठेवला आणि हात बाजूला घेतला. धाकटा दोन्ही बाजूंनी फिरून बघून आला.

"एक बोट वर घे, गाढवा," तो म्हणाला. मास्तरांनी साचा एक बोट वर घेतला.