गावचा खांदा

एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला मी आणि माझा एक सोबती दर महिन्याला ओरोसच्या सरकारी इस्पितळात जायचो. तिथे कोणी कोणाचं नाव विचारत नाही. हा गृहस्थ गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडून टाकी आणि बाहेर येऊन बटाटवडे हाणी. त्या दिवशी डॉक्टरने त्याला साखर, चरबी आणि हृदयावरून चांगलंच झापलं होतं. तरी हातात वडा होताच.

मी खेकसलो, "इतकी वर्सां एक गोळी चुकवलंस नाय, ती काय वडे खावन मराक?"

बोटं चाटत तो म्हणाला, "मी हार्टान मेलंय तर गाव खांदो देतलो. ह्या रोगान मेलंय तर कोण दारात पन येवचो नाय."

असल्या गावाच्या खांद्यासाठी जीव द्यायचा! मूर्ख कुठला! एसटीत बसल्यावरही मी धुसफुसत होतो. तिकीट घ्यायला हात पुढे केला, तर माझ्याही नखात लेबलाचा कागद अडकलेला.