मी सुधीरच आहे, ताई!

मी मीच आहे, हे सिद्ध करायला मला दुपारी बारापर्यंतची मुदत होती.

झालं असं, की ठाण्याच्या एका कंपनीत मला नवी नोकरी लागलेली. डिग्री, अनुभवाचे दाखले, सगळं मी एका नव्या ॲपमध्ये ठेवलेलं. "आपली ओळख, चावी आपल्याच फोनमध्ये! ऑफिसात खेटे नाहीत, साहेबाची सही नाही!" असं मी डोंबिवलीभर सांगत फिरायचो. (कोणी विचारलं नव्हतं.) फोन गेलाच, तर आपण नेमलेल्या दोन माणसांनी 'हो' दाबायचं, की चावी परत. माझी दोन माणसं म्हणजे बायको मंजू आणि बाळकुमची ताई.

आणि रुजू व्हायच्या दिवशीच, सकाळी पाणी भरताना फोन पिंपात पडला!

मी डगमगलो नाही. कपाटातला जुना फोन काढला, त्यात ॲप टाकलं आणि मंजूच्या मोबाइलवरून ताईला फोन लावला. स्पीकरवर.

"ताई, तुला ॲपवर विचारणा आलीय. पटकन 'हो' दाब."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी सुधीर!"

"आवाज अगदी तस्सा काढलायस हो, मेल्या! पण आमच्या सुधीरनेच बजावलंय, माझ्या आवाजात फोन आला तरी विश्वास ठेवू नकोस."

बजावलं होतं खरं. चांगलं दोन तास!

"अहो ताई, हेच आहेत," मंजू म्हणाली.

"अगं बाई, मंजूचाही आवाज काढतात!"

"मग व्हिडिओ कॉल कर ना!"

"तोंडंही नकली बनवतात म्हणे."

साडेअकरा वाजले. जुन्या फोनवर कंपनीतल्या मॅडमचा मेल आला: बारापर्यंत कागद आले नाहीत, तर जागा दुसऱ्याला जाईल.

"मग फक्त सुधीरलाच ठाऊक असेल असं काहीतरी विचार!" मी छाती काढून म्हणालो.

ताईने जरा विचार केला. "मंजूला बघून परत येताना, जिन्यात, सुधीर माझ्या कानात काय म्हणाला?"

मी हळूच मंजूकडे पाहिलं. पोह्यांची बशी हातात आली तेव्हाच माझं ठरलेलं, असं गेली सोळा वर्षं मी मंजूला सांगत आलोय.

"ताई, दुसरं काहीतरी विचार ना."

"बघ! चोर कुठला!"

अकरा बावन्न.

"म्हणालो... की कल्याणच्या त्या मुलीचा होकार येतोय का, ते आधी बघू."

"अय्या, सुधीरच की रे तू!" ताईने आनंदाने 'हो' दाबलं.

आता उरली मंजू. तिने चष्मा लावला, 'या व्यक्तीला आपण ओळखता का?' हा प्रश्न मोठ्याने वाचला आणि शांतपणे 'नाही' दाबलं.

नोकरी गेली. पण माझ्याबद्दल इतका खरा दाखला आजवर कुठल्याच ऑफिसाने दिला नव्हता!