न हसलेलं हसू

पडद्यांच्या दुकानात शिलाई करणाऱ्या मावशींना हसू आलं की ते त्यांच्या ताब्यात राहत नसे. आधी खांदे हलायचे, मग नाकातून बारीकसं फुर्र व्हायचं, आणि त्यानंतर जे सुटायचं त्याला आवर घालण्याची काही सोय नव्हती. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला गिऱ्हाइकाला अर्ध्यावर सोडून बाहेर यायचा, "काय झालं, काय झालं?" विचारता विचारता स्वतःच हसायला लागायचा. आपण कशाला हसतोय हे त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

याच हसण्यापायी मावशींचं लग्न जमलं होतं. बस चालवणारा एक तरुण खिडकीसाठी कापड घ्यायला आला आणि नमुन्याचा पडदा बघता बघता त्यात असा गुरफटला की त्याला बाहेर काढायला मावशी आणि दुकानाच्या मालकीणबाई अशा दोघी लागल्या. मावशी हसल्या. मग तो दर आठवड्याला पडदे न्यायला येऊ लागला. त्याच्या खोलीला खिडकी एकच होती, हे मावशींना लग्नानंतर कळलं. तेच आताचे काका.

तर एकदा टीव्हीच्या स्टुडिओतून रंगमंचाच्या मोठ्या लाल पडद्याचं काम आलं. तो टांगल्यावर खालून जरा लोंबत होता, म्हणून मावशी सुईदोरा घेऊन तिथे गेल्या. समोर कार्यक्रमाची तालीम चालली होती. सूत्रसंचालकाची जीभ अडखळली, भलताच शब्द बाहेर पडला, आणि पडद्यामागून मावशींचं हसू सुटलं. बघता बघता दिवेवाले, कॅमेरेवाले, झाडू मारणारे, सगळे पोट धरून हसू लागले. आवाजाची बाजू सांभाळणारा माणूस, ज्याला स्टुडिओत सगळे कानसेन म्हणत, हेडफोन गळ्यात अडकवून धावत आला.

"मावशी, हे हसू मला द्या."

"घ्या की! त्यात काय, मला कुठे कमी पडतंय?"

त्याने त्यांना एका बंद खोलीत बसवलं आणि कागदावरचे विनोद वाचून दाखवले. विनोद यथातथाच होते. पण कानसेन ते असे वाचत होता, जणू शोकसभेत ठराव मांडतोय. मावशी हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेताला आल्या. "कार्यक्रमात वापरू ना?" त्याने विचारलं. "वापरा की," मावशी डोळे पुसत म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांचं हसू टीव्हीवर ऐकू यायला लागलं. काका कौतुकाने शेजाऱ्यांना बोलावून आणायचे. "ऐका, ऐका, हे आमच्या घरातलं माणूस!"

आणि मग ती संध्याकाळ आली. हौशी कलाकारांच्या स्पर्धेचा कार्यक्रम लागला होता. किल्ल्या बनवणारा एक उंच, सडपातळ माणूस शीळ घालायला उभा राहिला. शीळ अशी गोड की काकांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. पण अर्ध्यावर तो सूर विसरला. ओठ तसेच राहिले, आवाज मात्र येईना. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला, डोळ्यांत पाणी दिसलं, आणि नेमक्या त्या क्षणी टीव्हीतून मावशींचं हसू खळाळलं.

काकांनी कप खाली ठेवला. "तू गेली होतीस तिथे?"

"मी? अहो, मी कशाला जाईन?" मावशींचा चेहरा उतरला. "मी नाही हो हसले याला."

दुसऱ्या दिवशी दुकानात आलेली एक बाई म्हणाली, "काल बिचाऱ्याची काय दशा झाली होती! तुम्हाला कसं हो हसू आलं?" मावशींच्या हातून सरळ शिवण वाकडी गेली. ती उसवून त्यांनी मशीनवर कापड झाकलं, मालकीणबाईंना सांगितलं आणि थेट स्टुडिओ गाठला.

कानसेनने त्यांना बघितलं आणि मान खाली घातली. "आता हसू मी लावत नाही, मावशी. यंत्रच लावतं. माणूस गप्प झाला, प्रेक्षक गप्प झाले, की त्याला वाटतं इथे भोक पडलंय, बुजवायला हवं. मी ऐकलं तेव्हा मला कसंसंच झालं. पण प्रक्षेपणाची वेळ झाली होती. म्हटलं, जाऊ दे."

"जाऊ कसं द्यायचं?"

"पण ते खोटं तर नाही ना? हसू तुमचंच आहे."

"माझं आहे म्हणूनच आले ना! दुसऱ्या कुणाचं असतं तर कशाला धापा टाकत आले असते? मी याला हसले नाही, आणि जगाला वाटतंय की हसले. आणि त्या माणसाला काय वाटलं असेल?"

 कानसेन उठला, मूळ आवाज शोधला आणि हेडफोन मावशींच्या कानावर चढवला. शीळ थांबली. क्षणभर सगळं शांत. मग कुणी बाई हळूच म्हणाली, "असू दे हो, आठवेल." मागून कुणीतरी तीच चाल गुणगुणायला लागलं. आणखी एक आवाज मिसळला, मग आणखी. बघता बघता सगळं सभागृह त्या माणसाला विसरलेली ओळ हळूहळू भरवत होतं.

मावशींनी हेडफोन काढला. "याच्यावर माझं हसू ओतलंत?" एवढंच म्हणाल्या. मग विचारलं, "त्याचं दुकान कुठे आहे?"

किल्लीवाल्याचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली होतं. भिंतभर किल्ल्या लटकत होत्या. तो खाली मान घालून कानशीने किल्ली घासत बसला होता. मावशींनी दारातच एका दमात सांगून टाकलं, "टीव्हीवर हसले ती मी. पण मी हसले नव्हते."

त्याने कानस थांबवली. "म्हणजे तुम्ही हसलात, पण हसला नाहीत?"

"हो."

"इथे सगळी कुलूपं उघडतात बाई, पण तुमचं बोलणं काही उघडत नाही."

मावशींनी मग नीट सगळं सांगितलं. सभागृहातल्या गुणगुणण्याचं ऐकून तो चकित झाला. "मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. कानात नुसती धडधड. घरी येऊन टीव्हीवर बघितलं तेव्हा म्हटलं, हसलेच असतील सगळे. आता तर मला आठवतंयसुद्धा तसंच!"

आतून त्याची बायको बाहेर आली. "कालपासून यांनी शीळ घातलेली नाही," ती म्हणाली. "एरवी मीच यांना गप्प करते, पण आता घरात करमत नाही."

मावशींनी त्याला जवळजवळ ओढतच स्टुडिओत आणलं. बायकोही दुकानाला कुलूप लावून मागोमाग आली. कानसेनने यावेळी आवाज मोठ्या स्पीकरवर लावला. खोलीभर ती गुणगुण पसरली तसा किल्लीवाला आधी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याचे खांदे सैल झाले, आणि जिथे सूर सुटला होता नेमका तिथून त्याने शीळ उचलली. मागे ती सगळी अनोळखी माणसं गुणगुणत होती आणि वर याची शीळ.

"कोण शीळ घालतंय इथे?" म्हणत कार्यक्रमाच्या निर्मात्या बाई तणतणत आत आल्या, आणि दारातच थबकल्या. त्यांना पक्ष्यांचं भारी वेड. सकाळी फिरताना पक्ष्यांचा आवाज ओळखणारं एक ॲप त्यांनी मोबाइलवर चालू केलं होतं, ते बंद करायचं राहिलं होतं. शीळ संपली आणि त्या शांततेत बाईंच्या हातातला मोबाइल गंभीरपणे बोलला, "हा बुलबुल आहे."

"नर की मादी, तेही विचारून घ्या," किल्लीवाला म्हणाला. "बायकोला केव्हापासून शंका आहे."

झालं! मावशी सुटल्या. किल्लीवाल्याची बायको सुटली, कानसेन टेबलावर डोकं टेकून हसू लागला आणि बाईंनी हसता हसता मोबाइल एकदाचा बंद केला. किल्लीवाला मावशींकडे बोट दाखवून ओरडला, "हेच! हेच ते हसू! तिकडे किती बोचलं होतं, आणि इथे बघा!"

बाईंनी मूळ आवाज दोनदा ऐकला. "हे आपल्याकडे असताना आपण ते दाखवलं?" त्या कानसेनला म्हणाल्या. रविवारच्या पुनर्प्रसारणात खरा आवाज लावायचं ठरलं, आणि यापुढे मावशींचं हसू त्यांना विचारल्याशिवाय वापरायचं नाही, असंही.

"पण एक खरं सांगतो, मावशी," कानसेन म्हणाला. "यंत्र तुमच्यावरून हसायला शिकलंय. त्याने शिकलेलं मला पुसता येत नाही. कुठे ना कुठे तुमच्यासारखं हसू ऐकू येत राहणार."

 "मग तुम्ही तरी ऐकत राहा," मावशी म्हणाल्या. "आणि पुन्हा 'जाऊ दे' म्हणू नका."

रविवारी किल्लीवाला आणि त्याची बायको मावशींकडे आले. टीव्हीवर सभागृह गुणगुणू लागलं तसे काकाही गुणगुणले, तेही पार बेसूर, पण त्यांना कुणी थांबवलं नाही.

पुढच्या वर्षी किल्लीवाला पुन्हा स्पर्धेत उतरला. मावशी पहिल्या रांगेत होत्या. यावेळी तो काही विसरला नाही, तरी बक्षीस एका जादूगाराने नेलं. परतताना सगळे काकांच्या बसमध्ये चढले. काका नियमाचे पक्के. चालकाशी बोलू नये अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती.

"बोलू नये म्हटलंय," काका गाडी सुरू करत म्हणाले. "शीळ घालू नये असं कुठे लिहिलंय?"

किल्लीवाल्याने सुरुवात केली. पुढच्या थांब्यापर्यंत अर्धी बस गुणगुणत होती, आणि ज्यांना उतरायचं होतं त्यांतले दोघं तसेच बसून राहिले.