आंगचोर

गाव सोडलं त्या दिवशी आमच्या मंदाच्या मायनं सकाळीच अंगण झाडलं. कंबर धरून, मधे दोनदा बसून, पण झाडलं. मी ओसरीवर पिशव्या घेऊन उभा. फाट्यावर जाम गावाला जाणारी बस यायची वेळ झालेली, आणि ही झाडू भिंतीला टेकवून तिसऱ्यांदा खाली बसली. मी ओरडलो, "आज तरी आंग चोरू नोको. बस काय तुह्या बापाची हाय थांबाले?"

ती उठली. शेजारच्या वहिनीनं भाकर बांधून दिली. धाकट्या भावाला मी म्हटलं, "पंधरा दिवसात येतो. बैलायले पाहजो." कुलूप मी लावलं आणि किल्ली माझ्याच खिशात ठेवली. आपल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची माझी रीत नाही.

बसमध्ये जागा होती. तरी ती आधी उभीच राहिली, मग गोधडीची घडी करून एका कुल्ल्यावर टेकली. जामच्या चौकात उतरून सेवाग्रामची गाडी धरली. त्या पंधरा दिवसांना आता सहा वर्षं झाली.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि हिंगणघाट, नागपूर, पुण्याला निघून गेले त्यांच्यासाठीही. मी चौथी शिकलेला. मास्तरनं शिकवलं तसं लिहीन, हात आपल्या बोलीकडं वळला तर वळू द्या. दोन गाड्या बदलून जिथं पोचता येतं त्याला कोणी परमुलूख म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो.

दुखणं काय, ते निघालो तेव्हा मला माहीत नव्हतं. आमची लेक मंदा, हिंगणघाटला दिलेली, चार दिवस राहायला आली होती. तिनं मायला न्हाणीत पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, मायले मोठ्या दवाखान्यात न्या लागते."

"काय झालं?"

"बायकायचं हाय."

बायकांचं म्हटलं की गड्यानं पुढं विचारायचं नाही. मोठी सोयीची रीत आहे आपल्याकडं. मीही विचारलं नाही.

दवाखान्यात बाकड्यावर बसलो होतो. आतून पुकारा झाला, "गिरजाबाई!" मी जागचा हललो नाही. कोणी उठेना, म्हणून इकडंतिकडं पाहायला लागलो. मग मंदाची माय उठली. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा एकदा ते नाव माझ्या तोंडून निघालं होतं, त्यानंतर "अवं" नाहीतर "मंदाची माय". आणि वावरात आणखी एक नाव होतं, ते पुढं सांगतो.

थोड्या वेळानं मलाही आत बोलावलं. डॉक्टरीणबाई मंदाहून लहान. म्हणाली, "आजोबा, आजींचं अंग बाहेर येतं. गर्भाची पिशवी खाली उतरली आहे, लघवीची जागाही तिनं सोबत ओढली आहे." मग हिच्याकडं वळून, "किती वर्षं झाली, आजी?"

ही खाली पाहत म्हणाली, "मंदा झाली तवापासून."

मंदाला तेव्हा एकोणचाळिसावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईनं हातातला पेन ठेवून दिला. "इतकी वर्षं? घरात कुणालाच सांगितलं नाही?"

"सांगतलं असतं त म्हटलं असतं, काम चुकवाले सांगते."

हे ती माझ्याकडं पाहून बोलली नाही. टेबलाच्या कोपऱ्याकडं पाहून बोलली. पण तसं म्हणणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.

आता ते दुसरं नाव. तुमच्यातल्या जुन्यांना आठवतच असेल. कापसाची वेचणी चालू असली की बायका रांगेनं पऱ्हाटीत शिरायच्या, कमरेला ओटी बांधून. ओटी भरत जाते तशी जड होते आणि सगळा भार पोटावर ओढत राहतो. बाकीच्या बायका आपला तास, म्हणजे आपली ओळ, संपवून धुऱ्याच्या बांधावर पोचायच्या, आणि आमची अर्ध्या ओळीतच बसलेली. पऱ्हाटीआड गायब. मी धुऱ्यावरून हाक मारायचो, "उठ वं, आंगचोर!" बायका हसायच्या. माझी माय तर घरात रोजच म्हणायची, "आंगचोर बाई आन् गळकं गाडगं, भरून भरन काय?" पण तो शब्द उंबऱ्याच्या आत होता. वावरात नेला तो मी. वावरातून गावभर गेला. पुढं पुढं तर लहान पोट्टेही "आंगचोर काकू" म्हणायला लागले, प्रेमानंच. ती ओ द्यायची.

पऱ्हाटीआड बसून ती काय करत होती, हे मला त्या दिवशी टेबलासमोर कळलं. बाहेर आलेलं आंग फडक्यानं आत लोटत होती. मग वरून घट्ट बांधून पुन्हा उठत होती. एका दिवसात सात-आठ वेळा. मागच्या दोरीवर लुगड्याखाली झाकून वाळत घातलेल्या चिंध्या मला दिसायच्या. मी एकदा म्हटलंही होतं, "चिंध्या जमा कराचा भारी शोक हाय तुले." आंग तिनं चोरलंच होतं, बाबांनो. पण कामापासून नाही. माझ्यापासून.

डॉक्टरीणबाईनं मग एक गंमत केली. म्हणजे मला गंमत वाटली. हिचा अंगठा धरून मागं वाकवला, तो थेट मनगटाला टेकला. करंगळी उलटी केली, ती उभी राहिली. मी फुशारकीनं म्हणालो, "आमची मंदाही करते असं. लहानपणी पाहुणे आले का मी तिले करून दाखवाले लावो. सारे चकित होत." मंदाचा खांदा मात्र दोनदा निखळला होता, एकदा तर पाण्याची बादली उचलताना. ते या गमतीशी जोडायचं मला कधी सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई हसली नाही. म्हणाली, "मुलीलाही घेऊन या, आजोबा." मग समजावलं, की काही माणसांच्या शरीरातली बांधणी जन्मापासूनच सैल असते. सांधे, कातडी, आतले अवयव धरून ठेवणारे पट्टे, सगळंच. मायकडून लेकीकडं येतं. बाळंतपणं आणि ओझी प्रत्येक बाईला असतात, पण हिच्यासारखीला ती जास्त भोवतात.

ऑपरेशन झालं. दोनेक वर्षांनी पुन्हा खाली आलं. मी तावातावानं गेलो, म्हटलं, शिवण उसवली कशी? डॉक्टरीणबाई म्हणाली, "शिवण पक्की आहे आजोबा. कापडच विरलेलं आहे." मी शेतकरी माणूस, विरलेल्या पोत्याला सुतळी घालून पाहिलेली आहे. टाका टिकतो, बाजूचं फाटतं. आता रबराची रिंग बसवली आहे, ती आतून आधार देते. ठरल्या दिवशी ओपीडीत जाऊन काढून धुवून घ्यायची, जखम नाही ना ते पाहायचं. ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. मंदालाही व्यायाम दिले आहेत. माझ्या तोंडात आता फॉलोअप, कार्ड, फिजिओ असले शब्द असतात. बैलांच्या खोडी सांगणारा मी, रांगेतल्या नव्या माणसाला कोणत्या खिडकीवर जायचं ते सांगतो.

दवाखान्याजवळ एक खोली घेतली आहे. गावाकडं उकिडवं बसायचा संडास, पाणी चढावरून आणायचं. इथं नळ आहे, खुर्चीचा संडास आहे. पाणी मी भरतो. भांडी, फरशी, तिचं लुगडं पिळणं, सगळं मी. सुरुवातीला दार लावून करायचो. मागच्या उन्हाळ्यात चुलतभाऊ नामदेव भेटायला आला आणि दार उघडंच होतं.

"अरे बाप्पा!" तो दारातूनच ओरडला. "बाई झाला काय रे तू?"

माझ्या हातात पाण्याचा गुंड. पलंगावरून ही म्हणाली, "या भाऊजी, बसा. ते कामाचे हायेत. आंग नाई चोरत."

नामदेव हसला, तीही हसली. मी गुंड घेऊन तसाच उभा. तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं तिनं तो फक्त ऐकला होता.

आता मनातलं सांगतो. मला गावाला यायचं होतं. रोज यायचं होतं. मी हट्टी आहे, तुम्हाला माहीत आहे. मागच्या पोळ्याला मी तिला म्हटलं, "रिंग बसली, तब्येत बरी हाय. चाल, आता घरी जाऊ. पाणी मी भरीन, खुर्चीचा संडास बांधून घीन. जन्म काढला तिथं."

ती वाती वळत होती. हातातली वात पुरी केली. मग म्हणाली, "तुमी जा जी. मी नाई येत."

"काऊन?"

"तिथं मी आंगचोर आवो. इथं मले गिरजाबाई म्हणतात."

मी चिडलो. एकटाच निघालो. घर उघडलं नाही, मंदिराच्या पारावर बसलो. बैल सजले होते, पोळ्याची गाणी, झडत्या, म्हणणं चालू होतं. भावाची सून पाया पडली आणि तिनं विचारलं, "आंगचोर काकू कशी हाय, बाबाजी?" पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटत असेल नावच आहे ते. पारावर पंधरा-वीस माणसं होती. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. जीभ उचलली होती. पण मी म्हणालो, "बरी हाय." आणि दुपारच्या गाडीनं परत आलो. किल्ली खिशातच.

हिनं विचारलं, "झाला पोळा?" मी हो म्हटलं. मग जे झालं ते सांगून टाकलं. ती म्हणाली, "बोलाले नाई जमत त लिहा. चौथी शिकले ना?"

"तुह्यी लाज चवाट्यावर येईन."

"लाज मीनं लई वर्सं सांभाळली. आता तुमी सांभाळा थोडी."

म्हणून लिहितो. मुख्य वाक्य तिनं सांगितल्याप्रमाणं: हिला चारचौघांत आंगचोर पहिल्यांदा मी म्हटलं, मी, आणि ते खोटं होतं. दुखतं अंग घेऊन तिनं आपल्या वावरात इतरांइतकंच काम केलं, मधे बसून का होईना, केलं. इथवर लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, आता म्हणेल, चला. विचारलंही, "आता त येशीन?"

"नाई," ती म्हणाली. रागानं नाही. "पण गिरजा लिहलं ते बरं केलं."

तर आम्ही आता येत नाही. माझा जीव तिकडंच आहे, ते लपवत नाही. झडती ऐकली की पुढची ओळ तोंडातून आपसूक निघते. पण सकाळी ऊन पायरीवर येतं, ती तिथं खुर्ची टाकून बसते, आणि का बसली म्हणून तिला कोणाला सांगावं लागत नाही. माझं घर म्हणायचं तर आता तेवढंच.

या कागदासोबत किल्ली पाठवतो आहे. हा कागद भावाच्या सुनेनं मोठ्यानं वाचावा, बायकांना बोलावून. आपलं घर वावराच्या वाटेवर आहे. कुलूप काढा, ओसरी झाडा, एक खाट टाका, माठ भरून ठेवा. निंदणाच्या, वेचणीच्या दिवसात जिले बसावं वाटलं तिनं तिथं येऊन बसावं, निजावं वाटलं तर निजावं. तिले काऊन बसली म्हणून कोणी इचारू नोका. आन् कोणी इचारलंच, त सांगजा, गिरजाबाईची ओसरी हाय.