रुसलेली दुनाळी

अधारतालला आमच्या शेजारी फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका राहतात. माकडं पेरूवर उतरली, की काकू आतून ओरडतात, "अहो, बंदूक काढा!" काका वडिलांच्या वेळची दुनाळी आणतात. काडतूस भरायला ती मधून वाकवून उघडावी लागते आणि ती भयंकर घट्ट आहे. काका ती गुडघ्यावर दाबत आर्जवं करतात, "चलो बाई, खुल जाओ!" तोवर माकडं पेरू खाऊन पसार होतात.

एकदा मी तेलाची कुपी नेली. "काका, दोन थेंब सोडा. काहून त्रास करून घेऊन राहिले?"

काकांनी ते तेल काकूंच्या कुरकुरणाऱ्या झोपाळ्याला घातलं. काकू आत आहेत हे पाहून हळूच म्हणाले, "उघडली तर चालवावी लागंन ना बाप्पा!"