कुशी राहिली तर अंघोळ अर्धी

परळच्या चाळींत, आणि आता समोरच्या टॉवरांतही, तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालायला रमाबाईच लागत. पाय पसरून पाटावर बसायच्या, बाळ पायांवर पालथं, कोमट तेल, ऊन पाणी, मग ओव्याची धुरी. डॉक्टर नको म्हणत, आया लपूनछपून हो म्हणत. शेवटी बाळ पांढऱ्या मलमलीत गुंडाळून रमाबाई आईच्या हवाली करत आणि फर्मान सोडत, "आता कुशीत घ्या. कुशी राहिली तर अंघोळ अर्धी."

टॉवरातल्या देविकाने एकदा एका हातात बाळ, दुसऱ्यात मोबाइल धरून विचारलं, "घेतलंय की! कुशी म्हणजे इंग्रजीतलं कडलच ना?"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक. कडेवर घेऊन भाजी फोडणीला टाकता येते. कुशीत घेतलं की हाताला दुसरं काम नको. ठेवा तो मोबाइल."

बाई फटकळ, पण खोटं एक अक्षर नाही. देविकाने मुकाट्याने मोबाइल ठेवला.

मग रमाबाईंचा एकुलता एक मुलगा विकास ऑफिसात खुर्चीतल्या खुर्चीत गेला. सून अक्षता तेव्हा पोटुशी. इस्पितळातून विकास घरी आला तो पांढऱ्या कापडात आवळून बांधलेला. रमाबाईंनी त्याला उराशी धरायला हात पुढे केले, तर माणसांनी "आवरा, उशीर होतोय" म्हणून त्यांना बाजूला घेतलं. त्या रडल्या नाहीत. तेव्हापासून आत सगळं बधिर होतं. राग येत नव्हता, आमटीत मीठ पडलंय की नाही तेही कळत नव्हतं.

नात झाली. रमाबाई तिला रोज न्हाऊ घालत, हात तसेच चोख. गुंडाळली की मात्र पोरीला अक्षताच्या मांडीवर ठेवून तडक बादली घासायला वळत. त्या पांढऱ्या गाठोड्याकडे त्यांना बघवत नसे.

अक्षता रोज बघत होती. एके सकाळी रमाबाई वळल्या तर बादली जागेवर नव्हती. पाट नव्हता, शेगडीही नव्हती. पोरीला गुंडाळेपर्यंत शेजारची प्रिती सगळं उचलून घेऊन गेली होती.

"मीच सांगितलं तिला," अक्षता म्हणाली. "आई, आमच्या पोरीची अंघोळ रोज अर्धी राहते."

रमाबाई तेलाच्या वाटीवर झाकण ठेवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला काहीच वाटत नाही गं आता. लाकूड झालंय माझं. घेऊन काय करू?"

"नसेल वाटत तर नसू दे. तिला ऊब लागते, तेवढी आहे तुमच्याकडे."

अक्षताने गाठोडं त्यांच्या छातीशी दिलं. रमाबाईंच्या हातांनी सवयीने जागा केली. पोरीने नाक त्यांच्या काखेत खुपसलं, दोनदा कुरकुरली आणि झोपली. रमाबाईंच्या आत काही हललं नाही. त्या भिंतीकडे बघत बसून राहिल्या.

दारातून प्रितीने हाक मारली, "मावशी, बादली आणू?"

"राहू दे," रमाबाई म्हणाल्या. "हात रिकामे नाहीत."