घरगाडीचा शेवटचा डबा

बसा, चहा उकळेपर्यंत सांगतो. फक्त हे आमच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर टाकायचं नाही, एवढं आधी कबूल करा. रेल्वेत तीस वर्षं गार्ड म्हणून काढलेल्या माणसाची असली फजिती त्यांना कळली, तर पेन्शन सोडून माझं सगळं काढून घेतील.

गार्ड म्हणजे काय, तर मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसलेला एकटा माणूस. पुढं सगळी गाडी, मागं मी आणि माझे दोन झेंडे. गाडी अख्खी आहे ना, शेपटाकडचे डबे वाटेत सुटून राहिले नाहीत ना, हे बघणं माझं काम. स्टेशनवरच्या माणसानं हिरवा झेंडा दाखवायचा, मी हिरवा दाखवायचा, म्हणजे सगळं ठीक. आणि कुणी दोन्ही हात डोक्यावर उंच केले, किंवा हातातलं काहीही जोरजोरात हलवलं, तर तो धोका. गाडी थांबवायची. झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन. तुम्हीही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

घरीसुद्धा मी शेवटच्याच डब्यात. स्कूटर शैला चालवायची आणि मी मागं पिशवी धरून बसायचो. दुचाकी मला कधी जमलीच नाही. होटगी रोडवर लोक हसायचे, हसू देत. बायकोच्या मागं बसून आख्खं सोलापूर हिंडलो, काही बिघडलं नाही माझं.

रिटायर झाल्यावर आम्ही एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि एमआयडीसीतल्या गॅरेजवाल्या रियाजकडून तिची घरगाडी करून घेतली. मोटरहोम म्हणतात म्हणे त्याला. आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन, दुमडायचं टेबल. शैलाची अट एकच होती. "गाडी तू कुठंही थांबव, पण मागं माझी स्कूटर पाहिजे. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मी तुझी विनवणी करत बसणार नाही." रियाजनं मागं लोखंडी कॅरिअर जोडून दिलं. रंग वाळला, पडदे शिवून झाले, आणि शैला तापानं आजारी पडली. आठवडाही नाही झाला, गेली.

दोन वर्षं ती बस दारात उभी. मुलगा बेंगळुरूला, फोनवर विचारायचा, "बाबा, गाडी विकली का?" मी म्हणायचो, बघतो. मग या पौषात एका सकाळी माझ्या ध्यानात आलं, की आपण कितीतरी दिवसांत दूधवाल्याशिवाय कुणाशी बोललोच नाही. आणि त्याच्याशी तरी काय, तर "अर्धा". इतका एकटेपणा आला ना, की उठलो आणि रियाजला फोन लावला. स्कूटर चढवायला ये म्हटलं, मी निघालोय.

"चाचा," रियाज म्हणाला, "तुमकू स्कूटर चलानी आती नै. फिर कायकू लेके जा रै?"

"गाडीला शेवटचा डबा लागतो की रे."

ट्रकवाले माल आवळायला वापरतात तसला जाड पट्टा त्यानं काढला आणि स्कूटर स्वतःच्या हातानं आवळून दिली. "ये पट्टा खोलना नक्को चाचा. कुछ भी हुआ तो भी नक्को."

सोलापूर सोडून पहिल्याच थांब्याला, तिऱ्हे गावातच, मी पट्टा सोडला.

अहो, धूळ केवढी. शैलाला स्कूटरवर धुळीचा कणही चालायचा नाही. मी आतली आपली डबलबेडची सोलापुरी चादर काढली, मरून रंगाची. स्कूटरच्या आरशाला तिचं हेल्मेट अडकवलेलं होतं, त्याच्यासकट सगळी स्कूटर चादरीत गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. चादर खालून घ्यायची म्हणून पट्टा जरा सैल केला. परत आवळणार, इतक्यात चहाच्या टपरीवरनं एक माणूस ग्लास घेऊन आला.

"काका, ह्याच्यात झोपाय बी येतं व्हय?"

आता तुम्हीच सांगा, असं कुणी आपण होऊन विचारल्यावर पट्टा कुणाच्या लक्षात राहील? मी त्याला आत नेलं. पलंग दाखवला, शेगडी पेटवून दाखवली, टेबल दुमडून दाखवलं, मग उघडून दाखवलं, मग पुन्हा दुमडलं. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, माजी यष्टी जाईल की." तो गेला आणि मी खुशीत स्टिअरिंगवर बसलो. पट्टा मागं तसाच लोंबत राहिला.

मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागलो. बेत असा होता की पहिला मुक्काम माचणूरला, भीमेच्या काठी. शैलानंच ठरवलेलं होतं ते.

कामती मागं पडली आणि रस्त्याच्या कडेचा एक माणूस मला बघून दोन्ही हात वर करून नाचायला लागला. मला वाटलं, वा, काय आनंदी मनुष्य. माझ्या शेजारच्या सीटवर हिरवा टॉवेल होता. हात खिडकीबाहेर काढून तो दाखवला. तीस वर्षांची सवय, हात आपोआप जातो.

पुढं ज्वारीच्या रानात चार बाया पदर हलवत बांधापर्यंत पळत आल्या. त्यांना हिरवा टॉवेल. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं दिवे उघडझाप केले, लांबलचक हॉर्न दिला. मी त्याच्याहून लांब दिला. एका एसटीतून तर सगळ्या खिडक्यांतून हात बाहेर. आमच्या गल्लीत समोरासमोर आलं तरी कुणी मान हलवत नाही हो. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मी चक्क मोठ्यानं म्हटलं, "बघितलंस का शैला, किती माणसं ओळख दाखवतायत."

मागून खडखड, घर्रघर्र असा आवाज येत होता. तोही मला आवडला. मालगाडीचा शेवटचा डबा अस्साच वाजतो. थोड्या वेळानं धाडकन काहीतरी झालं आणि आवाज थांबला, तेव्हा जरा चुकल्यासारखंच वाटलं.

माचणूर दिसायला लागलं, तोच एक मोटरसायकल मला ओलांडून आडवी थांबली. चालवणारा गडी, मागं त्याची बायको. ती मोटरसायकल थांबायच्या आधीच उतरली. कमळ तिचं नाव, हे मला नंतर कळलं.

"ओ काका, कान हायत का न्हायत तुमास्नी? बेगमपूरच्या अलीकडनं वरडत येतोय आमी. हात वर करून करून खांदं निखळलं माजं. आन् तुमी हिरवं फडकं दावताय व्हय?"

"मला वाटलं, तुम्ही..."

"आवं, मागं बसवल्याली बाई पडली की तुमची. चादर पांघरून बसल्याली. आमच्या रानापशी चरीत पडलीया. हालंना बी."

आणि मी पळत सुटलो.

कुठली बाई, कसली बाई, काही विचारलं नाही. शैला पडली, एवढंच डोक्यात. गाडीचं दार उघडं, चावी तशीच, एक चप्पल रस्त्यात. या वयात, हे पोट घेऊन, मी भर हायवेला पळत होतो. शेजारून कमळचा नवरा मोटरसायकल हळूहळू चालवत म्हणत होता, "काका, बसा की गाडीवर. लई लांब हाय."

बसलो. पुढं तो, मध्ये कमळ, शेवटी मी. आणि वारं तोंडावर लागल्यावर डोकं ठिकाणावर आलं. शैला कुठून पडणार? ती तर दोन वर्षांपूर्वीच गेली. पडली ती तिची स्कूटर.

तेव्हाच सांगायला हवं होतं ना? एका वाक्याचं काम होतं. पण कमळनं मागं वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाबरू नगा काका. काय व्हत न्हाय तिला. आमी हाय की." कुणीतरी धीर देऊन किती काळ झाला होता मला. तो हात तिनं काढू नये असं वाटलं. मी गप्प बसलो. म्हणजे बघा, किती हलकट माणूस मी.

तिथं पोचलो तर ही गर्दी. चरीत मरून चादरीचं गाठोडं, वर हेल्मेटचा गोल उंचवटा, आणि भोवती सगळे पुरुष गाठोड्याकडं पाठ करून उभे. एक आजोबा तेवढे हात लांब करून, मान दुसरीकडं वळवून, फोडलेला कांदा हेल्मेटपाशी धरून होते. शुद्धीवर यावी म्हणून.

"कुनी बघितलं का न्हाय उगडून?" कमळ ओरडली.

"बाईमानूस हाय," आजोबा म्हणाले. "आमी गड्यांनी कसं पांघरूण काढायचं? तू यीस्तवर थांबलो. ॲम्ब्युलन्स बोलावलीया."

आता तरी बोल की गाढवा, असं मी स्वतःला म्हणत होतो. तोंड उघडलंही. पण कमळ चरीत उतरलेली होती. "मावशी, ओ मावशी, डोळं उगडा बगू," म्हणत तिनं सुतळी सोडली आणि चादर अलगद बाजूला केली.

हेल्मेट. हँडल. फुटका आरसा.

पुरुष एकेक करून वळले. आजोबांच्या हातातला कांदा तसाच.

"ही तर स्कुटर हाय," कमळ म्हणाली. "मग काकू कुटं हायत?"

"नाहीत आता," मी म्हटलं. "दोन वर्षं झाली. स्कूटर तिची आहे."

"मग पळालात कशापायी एवढं?"

"तुम्ही म्हणालात, पडली. म्हणून पळालो."

कुणीही हसलं नाही हो. मला वाटलं होतं शिव्या बसतील, बसायलाच हव्या होत्या. कमळनं चादर झटकली, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. मग मला रडू आलं. शैला गेली तेव्हा लोकांच्या देखत आलं नव्हतं, ते तिथं आलं, त्या चरीच्या काठावर, अनोळखी माणसांत.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर उडी मारून उतरले. "पेशंट कुठंय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

डॉक्टरांनी माझं बीपी बघितलं, मग स्कूटर बघितली, आणि मला असं काही सुनावलं की ते मी इथं सांगत नाही. ते गेल्यावर आजोबा म्हणाले, "चला, कांदा तर फोडलाच हाय. हुरडा भाजू." मला बांधावर बसवलं. गरम हुरडा, चटणी आणि तो कांदा. जो तो विचारत होता, काकू कशा होत्या, स्कूटर कशी चालवायच्या, तुमी मागं बसायचा व्हय? मी सांगत होतो. इतकं मी दोन वर्षांत बोललो नव्हतो.

कमळच्या नवऱ्यानं माझी घरगाडी माघारी आणली. माझी चप्पलही आणली. सगळ्यांनी मिळून स्कूटर चढवली. आरसा फुटला होता, पत्र्याला पोचा आला होता, बाकी धडधाकट. पट्टा कमळनं आवळला, कॅरिअरला पाय लावून. "आता ह्यो सोडला तर बगा," म्हणाली.

मी निघालो. मन कसं हलकं झालं होतं. थोडं पुढं गेलो आणि खिडकीतून वाकून मागं बघितलं, गार्डासारखं, व्यवस्थित. तर काय, सगळीच्या सगळी माणसं रस्त्यात उभी राहून दोन्ही हात डोक्यावर उंच करून हलवत होती. कमळ तर पदर हलवत होती.

या खेपेला मी चुकलो नाही. दोन्ही हात वर, म्हणजे धोका. करकचून ब्रेक मारला, उडी टाकली, मागं जाऊन पट्टा बघितला, चाकं बघितली, गाडीखाली आडवा होऊन बघितलं. सगळं जागच्या जागी. मग धापा टाकत त्यांच्यापर्यंत पळत गेलो.

"काय झालं? काय पडलं?"

कमळनं कपाळावर हात मारला.

"काय बी पडलं न्हाय काका. टाटा करतोय की तुमाला."